घर, टाका आणि अपुरी शाल : बंगाली-मराठी विणकाम-परिभाषेच्या इतिहासासंबंधी काही टिपणे

कोलकात्याच्या पूर्वेस वसलेल्या सॉल्ट लेकमध्ये, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत, दुपारच्या उन्हात गच्चीवर आणि सज्ज्यात लोकरीच्या पिशव्या बाहेर येतात. माझ्या परिचयाच्या एक मराठी बाई (त्यांना मी मावशी म्हणते) या उपनगरात सत्तरच्या दशकापासून राहत आहेत. पतीच्या केंद्र सरकारी नोकरीमुळे त्या येथे आल्या आणि निवृत्तीनंतरही येथेच राहिल्या. त्यांच्या पिशवीत तीन अपुरी कामे आहेत : बाहीविना राहिलेला एक स्वेटर, टेबलावर पसरण्याचा क्रोशाचा अर्धा गोल, आणि पांढऱ्या दोन पदरी लोकरीची, निम्म्याहून थोडी अधिक विणून झालेली जाळीची शाल. शालीचा एक टाका सुईवरून निसटलेला पाहून त्या सहज म्हणाल्या, “घर पडलं बघ.” वाक्य मराठी होते, परंतु त्यातील ‘घर’ मराठी नव्हते. प्रस्तुत लेखाचा उगम त्या एका वाक्यात आहे.

बंगालीत विणकामाच्या सुईवरील प्रत्येक फाशाला ‘घर’ म्हणतात. काम सुरू करताना ‘घर तोला’, म्हणजे घरे उचलायची, संपवताना ‘घर बंधो’ करायचे, आणि फासा निसटला तर ‘घर’ पडते. सदऱ्याच्या काजालाही बंगाली माणूस बोतामाचे घरच म्हणतो. मराठीत या सर्व ठिकाणी ‘टाका’ आहे : टाके घालायचे, टाके बंद करायचे, टाका सुटतो. सुलट आणि उलट ही जोडी मात्र दोन्ही भाषांत एकच आहे. बंगालीतील ‘शोजा’ आणि ‘उल्टो’ हे तिचे अगदी सख्खे भावंड. मराठी शब्द शिवणाच्या सुईतून आला आहे, कापडाला टोचणाऱ्या कृतीतून. बंगाली शब्द टोचण्याकडे पाहत नाही, टोचल्यावर उरलेल्या रिकाम्या जागेकडे पाहतो. जाळीचे विणकाम ज्यांनी केले आहे त्यांना हा भेद केवळ शाब्दिक वाटणार नाही, कारण त्या कामात वस्त्र म्हणजे मुळात भोकांचीच मांडणी असते.

बंगाली शब्दाची ही दृष्टी कोठून आली असावी? माझे अनुमान असे, की तिचा संबंध एकोणिसाव्या शतकात भारतात आलेल्या ‘बर्लिन’ लोकरकामाशी असावा. रंगीत मऊ लोकर आणि चौकटीच्या कागदावर छापलेले नमुने जर्मनीतून युरोपभर गेले आणि तेथून मिशनरी शिक्षिकांच्या हाती वसाहतींत पोहोचले. जाळीदार कापडाचा एकेक चौकोन मोजत लोकरीने भरणे असे ते काम होते. बंगालच्या अंतःपुरात त्याला ‘कार्पेट’ हे नाव पडले. चौकोन मोजायचे तर ते ‘घर’च, बुद्धिबळाच्या पटावर आपणही मोजतो तसे. चौकोनाचे नाव पुढे सुईवरच्या फाशाला चिकटले असणे अशक्य नाही. हे अनुमानच आहे. शब्द त्याहून जुन्या एखाद्या जाळीकामातूनही आलेला असू शकतो.

मराठीनेही वास्तुशास्त्र अगदीच सोडलेले नाही. क्रोशाच्या कामात आपल्याकडे ‘साखळी’, ‘खांब’ आणि ‘मुका खांब’ अशी परिभाषा रूढ आहे, आणि ‘मुका खांब’ हा शब्द कोणाही भाषांतरकाराने हेवा करावा इतका नेमका आहे. खांब उभा राहतो तो दोऱ्याचे वेढे घेऊन. ज्याला वेढा नाही, जो आखूडच राहतो, तो मुका. मूळ फ्रेंच ‘क्रोशे’चा अर्थ लहान आकडा. मराठीने त्याचा क्रोशा केला आणि बंगालीने कुरुश. गोव्यात पोर्तुगीज ‘रेंद’ तसाच राहिला. तेथे माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराचे नावही ‘रेंद’शीच नाते सांगते, परंतु ते नाते दुसऱ्या ‘रेंद’शी, खंडाशी आहे. दोन पोर्तुगीज शब्द योगायोगाने एकरूप झाले आणि कोकणीत शेजारी नांदू लागले. एक आगंतुक कला तीन किनाऱ्यांवर तीन प्रकारे आपल्या भाषेत मुरली. मावशींच्या पिशवीत बंगाली घरे आणि मराठी खांब एकत्र नांदतात, हे मला या दीर्घ इतिहासाचे घरगुती रूप वाटते.

आता वाङ्मयाकडे वळू. लोकरीच्या हातकामाला आधुनिक भारतीय कथेत निर्णायक स्थान देणारी कृती म्हणून रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘नष्टनीड’ या दीर्घकथेचा उल्लेख करावयास हवा. ती १९०१ साली ‘भारती’ मासिकात क्रमशः आली. सत्यजित राय यांच्या ‘चारुलता’ (१९६४) या चित्रपटामुळे तिची ओळख सर्वत्र झाली, आणि चित्रपटाच्या आरंभी रुमालावर अक्षर भरणारी चारू आपल्या स्मरणात ठसली. मूळ कथेत मात्र लोकर अधिक काम करते. महाविद्यालयातील एका श्रीमंत जावयाच्या पायात अंतःपुरात विणलेले कार्पेटचे जोडे पाहून अमल तसेच जोडे चारूकडे मागतो. ती टाळते, नाही म्हणते, आणि गुपचूप पुरे करून जेवणाच्या ताटासमोर झाकून ठेवते. तेवढ्यावर अमलचे भागत नाही. गळपट्टा हवा, रेशमी रुमालाला फुलांचा काठ हवा, बाहेरच्या खोलीतील मोठ्या खुर्चीला तेलाचे डाग पडू नयेत म्हणून कामदार आच्छादन हवे. काम कुठवर आले असे त्याने विचारले, की चारू खोटेच सांगते, काही झाले नाही, मला आठवणच नव्हती.

या खोट्या उत्तरांकडे समीक्षेचे लक्ष कमी गेले आहे. चारूच्या लेखनाविषयी, अमलबरोबरच्या साहित्यिक सख्याविषयी आणि भूपतीच्या वर्तमानपत्राविषयी पुष्कळ लिहिले गेले. लोकरकाम मात्र पार्श्वभूमीच्या सामानात जमा झाले. वस्तुतः कथेतील पहिला ‘मजकूर’ जो चारू अमलसाठी निर्माण करते तो लोकरीचा आहे, आणि तो पूर्ण होत असताना अपूर्ण असल्याचे सांगितले जाते. काम चालू आहे तोवर मागणे चालू राहते आणि मागणे चालू आहे तोवर नाते चालू राहते. पूर्ण झालेला जोडा पायात जातो आणि वापराने झिजू लागतो. होमरच्या पेनेलोपेने दिवसा विणलेले प्रेतवस्त्र रात्री उसवून तीन वर्षे काढली, ती वरांना दूर ठेवण्यासाठी. चारू नुसत्या शब्दाने उसवते, आणि तिचा हेतू नेमका उलटा आहे. तौलनिक अभ्यासात पेनेलोपे वारंवार येते. चारूला तिच्या शेजारी बसवल्यास चर्चा अधिक मनोरंजक होईल असे मला वाटते.

रवींद्रनाथांच्या घरात महाराष्ट्राशी संबंध आधीपासून होता. त्यांचे ज्येष्ठ बंधू सत्येंद्रनाथ हे सनदी सेवेतील पहिले भारतीय. १८६४ पासून त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात झाली. ज्ञानदानंदिनी देवींनी मुंबईतील पारशी स्त्रियांकडून साडी नेसण्याची पद्धत उचलली आणि ती पोलके-परकरासह बंगालच्या भद्र घरांत रूढ झाली. तरुण रवींद्रनाथ १८७८ मध्ये मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिले आणि त्यांच्या कन्या अन्नपूर्णा यांच्याकडे इंग्रजी शिकले. उलट दिशेची वाटही चालू होती. न्यायमूर्ती रानडे १८८६ मध्ये वित्त समितीच्या कामासाठी कलकत्त्यास गेले असता दाढी करणाऱ्या न्हाव्याकडून बंगाली शब्द समजून घेत, आणि रमाबाईंना ते फारसे रुचले नाही. हा प्रसंग त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकात गमतीने सांगितला आहे. पुढे त्या स्वतःही बंगाली शिकल्या. आनंदीबाई जोशी अमेरिकेस जाण्यापूर्वी श्रीरामपूर येथे राहत होत्या. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथील महाविद्यालयात त्यांनी आपले सुप्रसिद्ध भाषण केले आणि एप्रिलमध्ये कलकत्त्याहून गलबत पकडले.

या सर्व देवघेवीत आपण ग्रंथ, वेश, भाषणे आणि अनुवाद यांची नोंद ठेवली. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. परंतु शेजारणींनी एकमेकींना सुईवर दाखवलेले नमुने, आणि ते दाखवताना दोन भाषांत झालेली शब्दांची अदलाबदल, ही देखील अनुवादाचीच घटना आहे. तिची नोंद कोठेही नाही. पुस्तकाच्या अनुवादाला मुखपृष्ठ असते, म्हणून तो इतिहासात येतो. दुपारी दोन ते चार या वेळात झालेला अनुवाद येत नाही.

बेगम रुकैया यांच्या ‘सुलतानाज् ड्रीम’ (१९०५) या कथेत हा प्रश्न विनोदाच्या अंगाने आला आहे. स्त्रीराज्याची वाटाडी भगिनी सारा भरतकाम दाखवत असता पाहुणीला विचारते, की तुला विणकाम किंवा सुईचे काम येते का. उत्तर येते, की जनान्यात दुसरे करायला असते काय. स्त्रीराज्यातले पुरुष मात्र सुईत दोरा ओवण्याइतकाही धीर धरू शकत नाहीत. रुकैयांनी हातकामाला बंदिवासाचे चिन्ह म्हणून नाकारले नाही, की गृहकर्तव्य म्हणून त्याचा गौरवही केला नाही. विज्ञान आणि राज्यकारभार करणाऱ्या स्त्रीच्या हाती त्यांनी सुई तशीच ठेवली. याच काळात पुण्यात १९०९ मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनात शिवण आणि हातकाम हे स्वावलंबनाचे साधन मानले गेले. चारूच्या सुईला बाजार नाही, सेवासदनाच्या सुईला आहे, आणि रुकैयांच्या सुईला त्याची पर्वा नाही. बाजाराचे कठोर रूप पाहायचे तर आंध्रातील नरसापूरच्या क्रोशाकडे जावे लागते. घरात बसून लेस विणणाऱ्या तेथील हजारो स्त्रिया ‘गृहिणी’ म्हणून मोजल्या गेल्या, कामगार म्हणून नव्हे, हे मारिया मीस यांनी १९८२ च्या आपल्या अभ्यासात दाखवले. २०२४ मध्ये त्या लेसला भौगोलिक निर्देशांक मिळाला. वस्तूचे नाव नोंदले गेले. हातांचा हिशेब वेगळाच राहिला.

सॉल्ट लेकसंबंधी दोन शब्द येथे लिहिले पाहिजेत, कारण मावशींच्या शालीचा प्रश्न या भूमीशीही जोडलेला आहे. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये खाऱ्या पाणथळीत भराव घालण्यास आरंभ झाला. हुगळीच्या पात्रातील गाळ पाण्यात कालवून नळांवाटे येथे आणला गेला. आराखडा युगोस्लाव्ह वास्तुविशारद डोब्रिवोये तोश्कोविच यांचा. त्याच वर्षाच्या अखेरीस चीनशी युद्ध झाले आणि देशभर स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, हातमोजे विणले. त्या पिढीतील अनेकींच्या हाताला विणकाम लागले ते त्या हिवाळ्यात. पुढे वस्ती झाली तेव्हा अक्षरांची नावे असलेल्या ब्लॉकांमध्ये निरनिराळ्या प्रांतांची नोकरदार कुटुंबे आली. पाणथळीवरील गाव असल्याने हवेत ओल कायम. लोकरीला कसर, कापसाला बुरशी. डांबरगोळ्यांचा वास हा येथील हिवाळ्याचा पहिला वास होय.

मग जाळीच्या कामासाठी धागा कोणता निवडावा? हा प्रश्न तांत्रिक आहे तसाच ऐतिहासिकही. मराठीतील ‘लोकर’ या शब्दाभोवती दख्खनी मेंढी, धनगर आणि घोंगडी यांचे जग आहे. ती लोकर राठ आणि आखूड. ऊन, पाऊस, काटे यांना पुरून उरणारी, पण जाळीसाठी सर्वस्वी निरुपयोगी. बंगालीतील ‘पशम’ फारसीतून आला, काश्मिरी शालवाल्यांच्या गाठोड्याबरोबर. हे शालवाले अद्यापही हिवाळ्यात कोलकात्यात दारोदार येतात. एका भाषेत लोकर पायी चालत आली, दुसरीत विक्रीस आली, असे म्हटल्यास थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. विणकरीण मराठीत ‘दोन पदरी’, ‘चार पदरी’ असे मोजते, तेव्हा धाग्याचा आणि साडीचा ‘पदर’ एकाच शब्दात येतो, आणि याचे भाषांतर कोणाला साधल्याचे मी पाहिलेले नाही.

जाळी विणण्याचे तत्त्व साधे आहे. सुईवर दोरा घेऊन एक नवा टाका निर्माण करायचा, त्याखाली भोक पडते. आणि जवळच दोन टाके एकत्र विणून एक कमी करायचा, म्हणजे संख्या कायम राहते. प्रत्येक भोकाचा जमाखर्च त्याच ओळीत किंवा पुढच्या एखाद्या ओळीत मिटवावा लागतो. साध्या विणीत निसटलेला टाका आकड्याने वर ओढून घेता येतो. जाळीत तो खालच्या भोकांत हरवतो आणि ओळीमागून ओळ उसवावी लागते. म्हणून जाणत्या बाया ठरावीक ओळींनंतर वेगळ्या रंगाचा दोरा सर्व टाक्यांतून ओवून ठेवतात. संकट आले तर तेथवरच उसवायचे.

धाग्याची परीक्षा होते ती विणून झाल्यावर. सुईवरून उतरलेली जाळी चुरगळलेल्या कापडासारखी दिसते. ती पाण्यात भिजवून, टाचण्यांनी ताणून, तशीच सुकवली की भोके उघडतात आणि नमुना दिसू लागतो. खरी लोकर हा ताण लक्षात ठेवते. मेरिनोचा तंतू साधारणतः २४ मायक्रॉनहून बारीक, आणि दोन पदरी बारीक लोकरीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ८०० मीटर धागा येतो, म्हणजे चार पदरीच्या जवळपास दुप्पट. लुधियानाहून येणारी अॅक्रिलिक लोकर स्वस्त आणि रंगाला पक्की असते, कसर तिला शिवत नाही. परंतु पाण्याने तिला काहीच शिकवता येत नाही, सुकली की ती पुन्हा आखडते. मर्सराइज्ड सुती धागा (जॉन मर्सर याने १८४४ मध्ये क्षाराची प्रक्रिया शोधली, चकाकी पुढे ताणाच्या युक्तीने आली) क्रोशाला उत्तम. पण त्याला लवचिकपणा नाही, म्हणून हाताची प्रत्येक चूक तो जशीच्या तशी दाखवतो. मुर्शिदाबादचे रेशीम जाळीला झळाळी देते, मात्र सुईवरून घसरते. लोकर आणि रेशीम यांचे मिश्रण हा जुना आणि शहाणा उपाय आहे. रशियातील ओरेनबुर्गच्या शाली बकरीच्या मऊ केसांना असाच आधार देऊन विणल्या जातात.

ओरेनबुर्गच्या शालीविषयी सांगतात, की ती अंगठीतून आरपार जाते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरील विवाह-शालीविषयीही हेच सांगतात. ढाक्याच्या मलमलीविषयी बंगालात हीच कथा आहे, आणि चिरू या तिबेटी प्राण्याच्या केसांपासून बनणाऱ्या, आता बंदी असलेल्या शाहतूशविषयीही. चार दूरच्या प्रदेशांत एकच कसोटी, एकच अंगठी. हा आशयघटक प्रवासाने पसरला की स्वतंत्रपणे उगवला, याचा शोध कोणी घेतल्यास तो तौलनिक साहित्याचा विषय ठरावा. मला एवढेच दिसते, की या कथांत वस्त्राची परीक्षा कधीही ते पांघरून होत नाही. ते नाहीसे होण्याच्या किती जवळ आले यावरून होते. मलमल ताण्याबाण्याची आणि शाल एकाच धाग्याच्या फाशांची. मलमलीचे कापड चुकले तर फेकावे लागते, शाल उसवता येते. जसिमुद्दीन यांच्या ‘नक्शी काँथार माठ’ (१९२९) मधील नायिका आपली कहाणी काँथेवर भरते आणि ती आपल्या कबरीवर पसरायला सांगते. काँथेचा आणि आपल्या गोधडीचा टाका थरांना जखडून ठेवतो. विणीतला टाका कधीही मोकळा होऊ शकतो. जुना स्वेटर उसवून, लडी धुऊन, वजन टांगून सरळ करून त्याचा नवा विणणे, हे आपल्या आयांनी किती वेळा केले असेल. तेव्हा ‘पूर्ण’ हा शब्द या कलेत जपूनच वापरावा.

मावशींची शाल एकवीस वर्षांपूर्वी सुरू झाली. धाकट्या बहिणीच्या मुलीच्या लग्नासाठी ती होती. लग्न झाले, त्या मुलीची मुलगी आता महाविद्यालयात आहे. काम थांबण्याचे कारण विचारले तर त्यांनी तीन वेळा तीन कारणे सांगितली. त्या रंगवणीची लोकर पुन्हा मिळाली नाही, आणि पांढरा देखील एकसारखा नसतो. डोळ्यांचे ऑपरेशन झाले. शिकवणारी समोरच्या ब्लॉकमधली बौदी मुलाकडे बंगळूरला गेली. तिसरे कारण मला सर्वांत खरे वाटते. नमुना तिच्या तोंडी होता, बंगालीत. मावशींनी तो देवनागरीत एका वहीत उतरवला आहे, ‘घर’ तेथे घरच आहे आणि पुढे मराठी क्रियापदे आहेत. सोळाव्या ओळीनंतर वही कोरी आहे. पाठ असेल असे वाटले होते, म्हणाल्या.

मी विणून पुरी करू का, असे मी विचारले. त्यांनी नकार दिला. दुसऱ्याचा हात लागला की वीण तेथून घट्ट किंवा सैल होते आणि ती रेघ ताणून सुकवल्यावरही जात नाही, हे त्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध आहे. अपुऱ्या अनुवादांविषयी संपादकांनी हा नियम पाळला असता तर आपले कपाट बरेच रिकामे राहिले असते, पण शाल ही कादंबरी नव्हे. नव्या कामासाठी त्यांनी दोन पदरी मेरिनो घ्यायची की सुती, यावर आम्ही एक दुपार घालवली. त्यांनी शेवटी पांढरी नव्हे, कच्च्या सायीच्या रंगाची लोकर घेतली, पणतीच्या मापाने लहान शाल धरली, आणि नमुना असा निवडला की जो आठ ओळींत पुन्हा पहिल्यापासून येतो. जुनी शाल त्यांनी सुईवरून काढली. सर्व टाक्यांतून निळा सुती दोरा ओवला, दोन्ही टोकांना सैल गाठ मारली, आणि वही आत ठेवून पिशवीचे तोंड बांधले.